'टॉम अँड व्हिव' पाहिल्यानंतर: एलियटच्या संसाराकडे कसे पाहावे?

प्रश्न एका वाचनगटाच्या संयोजिकेचा आहे. गटाने टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही दीर्घकविता वाचली आणि त्यानंतर ब्रायन गिल्बर्ट दिग्दर्शित 'टॉम अँड व्हिव' (१९९४) हा चित्रपट सर्वांनी मिळून पाहिला. एलियट आणि त्याची पहिली पत्नी व्हिव्हिएन हेग-वुड यांच्या विवाहाची ती कहाणी आहे. चित्रपट संपल्यावर गटात दोन तट पडले. काहींना एलियट इतका निर्दय वाटला की त्याची कविता पुन्हा हातात घ्यावीशी वाटेना, तर काहींना तो अनेक वर्षे निमूट सोसणारा नवरा वाटला. चित्रपट कितपत खरा मानावा, त्यामुळे कवितेचे वाचन बदलावे का, आणि तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दाखवायचा झाल्यास कसा दाखवावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी इंग्रजी कविता शिकवण्यात आणि चित्रपट-रसास्वादाची शिबिरे घेण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला आहे. हा चित्रपटही विद्यार्थ्यांबरोबर अनेकदा पाहिला आहे. माझे मत आधीच सांगतो: या चित्रपटातील घटनाक्रम बऱ्याच अंशी विश्वासार्ह आहे, कारणमीमांसा मात्र फारशी विश्वासार्ह नाही. चित्रपटाला दोन तासांत गोष्ट सांगायची असते आणि गोष्टीला कारण लागते. संसार मोडतो तेव्हा असे एखादे कारण हाती लागतेच असे नाही. म्हणून पडदा जेथे 'हे यामुळे घडले' असे सांगू लागतो तेथे प्रेक्षकाने सावध व्हावे, आणि जेथे तो दोन माणसांना एका खोलीत नुसते समोरासमोर बसू देतो तेथे मन मोकळे ठेवून पाहावे. आपल्या गटातील दोन्ही तट पडले आहेत ते पहिल्या प्रकारच्या प्रसंगांमुळे, असे मला वाटते.

घटना प्रथम पाहू. एलियट अमेरिकेत सेंट लुइस येथे १८८८ मध्ये जन्मला, हार्वर्डमध्ये शिकला आणि १९१४ मध्ये तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात आला. व्हिव्हिएन त्याच्यापेक्षा काही महिन्यांनीच मोठी, चित्रकार वडिलांची मुलगी, नृत्याची आवड असलेली, बोलण्यात धारदार. जेमतेम तीन महिन्यांच्या ओळखीनंतर २६ जून १९१५ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील नोंदणी कार्यालयात दोघांनी लग्न केले, तेही दोन्हीकडच्या आई-वडिलांना आधी न कळवता. पुढची सतरा वर्षे आजारपण, पैशांची ओढाताण, डॉक्टर, हवापालट आणि पुन्हा आजारपण अशी गेली. १९३२ मध्ये एलियट हार्वर्डला व्याख्यानांसाठी गेला आणि १९३३ मध्ये त्याने वकिलामार्फत विभक्त होण्याचा निर्णय तिला कळवला. तिने तो कधीच मान्य केला नाही. १९३८ मध्ये तिला उत्तर लंडनमधील नॉर्दम्बरलँड हाउस या खासगी मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले आणि २२ जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ती तेथेच वारली. एलियट तिला भेटायला एकदाही गेला नाही. इतक्या गोष्टींबद्दल वाद नाही, आणि चित्रपटही यांच्याशी प्रामाणिक राहतो.

आता ही कहाणी आपल्याला कोण सांगत आहे ते पाहिले पाहिजे. चित्रपट मायकेल हेस्टिंग्ज यांच्या १९८४ मधील नाटकावर आधारलेला आहे. नाटकासाठी हेस्टिंग्ज यांनी ज्याच्या आठवणींचा सर्वाधिक आधार घेतला तो म्हणजे व्हिव्हिएनचा धाकटा भाऊ मॉरिस, जो १९८० मध्ये वारला. बहिणीला मनोरुग्णालयात ठेवण्याच्या निर्णयात मॉरिसचा स्वतःचा हात होता. अखेरच्या भेटीत ती आपल्याइतकीच शहाणी दिसली, आपण आणि टॉमने (म्हणजे एलियटने) जे केले ते चूक होते आणि आपण टॉम सांगेल तसे करत गेलो, अशा आशयाचे त्याने म्हातारपणी सांगितले. ही साक्ष मौल्यवान आहे, कारण पश्चात्ताप झालेला माणूस पुष्कळदा खरे बोलतो. पण ती पश्चात्तापाची साक्ष आहे हेही विसरून चालत नाही. चाळीस वर्षांनी मागे वळून पाहणारा भाऊ बहिणीला अधिक निर्मळ, मेहुण्याला अधिक थंड आणि स्वतःला अधिक भोळा आठवणार, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. चित्रपटातला मॉरिस साधाभोळा, भला आणि इतरांच्या सांगण्यात येणारा असा रंगवला आहे. त्याचे ते चित्र मुळात कोणाकडून आले असावे, हा प्रश्न पाहताना मनात जागा ठेवावा.

आजाराबाबत चित्रपट सर्वाधिक ठाम आहे, आणि तेथेच तो मला सर्वात कच्चा वाटतो. मधुचंद्राच्या हॉटेलातील प्रसंग आपल्याला आठवत असेल: खोलीची झालेली दशा, रक्ताचे डाग, आणि समुद्रकिनाऱ्यावर एकटाच भटकणारा नवरा. तेथून पुढे चित्रपट एक सूत्र धरतो. व्हिव्हिएनचा त्रास मूलतः संप्रेरकांचा आणि पाळीशी निगडित होता, त्या काळच्या डॉक्टरांना तो समजला नाही, त्यांनी दिलेल्या औषधांनीच तिचा तोल गेला, आणि आजच्या काळात हाच त्रास सहज आटोक्यात आला असता. यात तथ्य नाही असे नाही. तिला लहानपणी हाडाचा क्षय झाला होता, पाळीच्या अनियमिततेचा त्रास होता, आणि डॉक्टरांनी ब्रोमाइड, क्लोरल, ईथरयुक्त अशी गुंगी आणणारी औषधे सढळपणे दिली होती, हे कागदोपत्री दिसते. तिच्या घरात ईथरचा वास येत असे, अशा आठवणी समकालीनांनी लिहून ठेवल्या आहेत. पण यावरून 'योग्य गोळी मिळाली असती तर हा संसार सुखाचा झाला असता' असा निष्कर्ष काढणे हा चित्रपटाचा उतावळेपणा आहे. त्यामुळे प्रेक्षकाची सोय होते, कारण दोष एकदा त्या काळच्या वैद्यकावर टाकला की दोन माणसांनी परस्परांचे काय केले याचा हिशेब मांडावा लागत नाही. मला यातली अधिक खटकणारी बाजू अशी की व्हिव्हिएनच्या बाजूने बोलू पाहणारा हा चित्रपट शेवटी तिला पुन्हा तिच्या गर्भाशयातच कोंडतो. तिचा राग, तिचा मत्सर, तिचा विनोद, तिची लेखनाची धडपड, सगळेच लक्षण होऊन बसते.

पैशांच्या विवंचनेला चित्रपट फार थोडी जागा देतो. एलियटने लग्नानंतर शाळामास्तरकी केली, संध्याकाळी प्रौढांना व्याख्याने दिली आणि १९१७ मध्ये लॉइड्स बँकेत नोकरी धरली. ती पुढे आठ वर्षे चालली. दिवसभर बँक, रात्री परीक्षणे, घरात आजारी बायको, आणि स्वतःचीही प्रकृती तोळामासा. ज्या तत्त्ववेत्त्याने या जोडप्याला आपल्या लंडनच्या घरात जागा दिली त्या बर्ट्रंड रसेलचे व्हिव्हिएनशी असलेले संबंध कोठवर गेले होते यावर चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. चित्रपट त्यावर थोडासा रेंगाळतो आणि पुढे जातो. तेवढे पुरेसे आहे.

माझ्या मते या विवाहाचा सर्वात बोलका पुरावा पडद्यावर नसून एका टंकलिखित कागदावर आहे, आणि वाचनगटाने त्यावर एक पूर्ण बैठक द्यावी. 'द वेस्ट लँड'ची मूळ हस्तलिखिते एलियटने न्यूयॉर्कमधील वकील जॉन क्विन याला भेट दिली होती. क्विनच्या मृत्यूनंतर ती दीर्घकाळ बेपत्ता मानली गेली आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत ती असल्याचे जाहीर झाले. १९७१ मध्ये एलियटची दुसरी पत्नी व्हॅलरी हिने त्यांची प्रतिकृती छापून प्रसिद्ध केली. त्यातील दुसऱ्या भागाची, म्हणजे 'अ गेम ऑफ चेस'ची, पाने उघडावीत. आधीचे शीर्षक 'पिंजऱ्यात' अशा अर्थाचे होते, ते खोडलेले दिसते. पुढे तो प्रसिद्ध संवाद येतो: रात्रीची वेळ, एका स्त्रीच्या मज्जातंतूंवर ताण आलेला, ती 'माझ्याजवळ थांब, माझ्याशी बोल, तू कधीच का बोलत नाहीस' असे विनवते आहे, आणि पुरुष मनातल्या मनात उंदरांच्या बोळाचा आणि मेलेल्या माणसांच्या हाडांचा विचार करतो आहे. या ओळींच्या समासात दोन वेगवेगळी हस्ताक्षरे आहेत. एलियटचा कवी-मित्र एझ्रा पाउंड याने या संवादावर आक्षेप घेतला आहे. हे छायाचित्रण झाले, असा त्याच्या शेऱ्याचा रोख. व्हिव्हिएनने त्याच जागी 'अप्रतिम' असे लिहिले आहे.

त्या समासावर थोडे थांबावे. ज्या ओळींत तिचा स्वतःचा आवाज, तिची रात्रीची घालमेल उचललेली आहे असे कोणालाही वाटावे, त्या ओळी तिने वाचल्या, आणि तिने कागद फाडला नाही, रागावली नाही, तर एखाद्या जाणत्या संपादकासारखी पसंती दिली. त्याच भागातल्या दारूच्या गुत्त्यातील बायकांच्या संभाषणात तिने सुधारणा सुचवल्या. 'मुले नको असतील तर लग्न कशाला करता' अशा अर्थाची जी ओळ आज सर्वत्र छापलेली असते, ती तिची आहे. आणखी एक ठसकेबाज ओळही तिचीच. कागदाच्या मागे तिने लिहिले की यातले बदल वाटले तर कर, नाही तर करू नकोस, आणि ही प्रत मला परत पाठव. मूल नसलेल्या त्या घरात ती ओळ तिने कोणत्या मनःस्थितीत सुचवली असेल हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण ती ओळ ऐकायला नेमकी आहे, बोलीत पक्की आहे आणि कवितेत चपखल बसली आहे, एवढे नक्की सांगता येते.

याच पानावर उलट दिशेचीही एक गोष्ट घडली. बुद्धिबळाच्या संदर्भात, हस्तिदंती सोंगट्याच आपल्या दोघांना सोबत करतात अशा आशयाची एक ओळ होती. ती व्हिव्हिएनच्या सांगण्यावरून काढली गेली. तिच्या मृत्यूनंतर, १९६० मध्ये, एलियटने स्वतःच्या हाताने कविता उतरवून काढली तेव्हा ती ओळ आठवून पुन्हा लिहिली. म्हणजे घालमेलीचे वर्णन तिला चालले, पण दोघांमधल्या शांततेचे वर्णन तिला नको होते, आणि जवळजवळ चाळीस वर्षे तो ती ओळ विसरला नव्हता. या संसाराबद्दल मला माहीत असलेल्या गोष्टींत यापेक्षा अधिक सांगणारी गोष्ट नाही. चित्रपटात तिच्या साहित्यिक सहभागाचा उल्लेख येतो, पण तो ओघात येतो. ती मदत करीत असे, एवढेच प्रेक्षक घरी घेऊन जातो. दोघांच्या सहवासाचे जे खरे, चालणारे, फलद्रूप होणारे रूप होते ते म्हणजे टेबलावर एका कागदावर वाकलेली दोन डोकी. त्याला पडद्यावर मधुचंद्राच्या उद्ध्वस्त खोलीच्या निम्माही वेळ मिळत नाही, ही माझी या चित्रपटाविरुद्धची सर्वात मोठी तक्रार आहे. तिने १९२४-२५ मध्ये एलियटच्या 'क्रायटेरिअन' या नियतकालिकात वेगवेगळ्या टोपणनावांनी उपरोधिक लेखनही केले होते.

आता एलियटकडे वळू, कारण आपल्या गटातील अर्ध्या लोकांना त्याचा तिटकारा आला आहे. त्याने १९२५ मध्ये जॉन मिडलटन मरी या मित्राला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. गेल्या दहा वर्षांत आपण हळूहळू आणि जाणूनबुजून स्वतःचे यंत्र करून घेतले, सहन करता यावे आणि काही जाणवू नये म्हणून केले, पण त्याने व्हिव्हिएनचा जीव घेतला, असा त्याचा आशय आहे. हे पत्र वाचल्यावर एलियटच्या भूमिकेतील विलेम डफोचा अभिनय वेगळा दिसू लागतो. तो चेहरा जसजसा ताठ होत जातो, उच्चार जसजसे अधिक इंग्रजी होत जातात, तसतसा हा माणूस निर्विकार आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण निर्विकार असणे आणि निर्विकार व्हायला शिकणे यांत अंतर आहे, आणि डफोने दुसरी गोष्ट केली आहे. व्हिव्हिएन झालेली मिरांडा रिचर्डसन आणि तिच्या आईच्या भूमिकेतील रोझमेरी हॅरिस या दोघींना ऑस्करची नामांकने मिळाली आणि ती योग्यच होती. तरी डफोच्या कामाची जी उपेक्षा झाली ती मला अन्यायाची वाटते. रोझमेरी हॅरिस जावयाशी बोलते तो प्रसंग मात्र प्रत्येकाने लक्षपूर्वक पाहावा: आवाज चढत नाही, सभ्यतेचा एकही नियम मोडला जात नाही, आणि तरी समोरच्याला कुठे लपावे ते कळत नाही. त्या प्रसंगात चित्रपट कोणतेही कारण सांगत नाही, म्हणूनच तो खरा उतरला आहे.

एलियटबद्दलचे आपले ज्ञान १९९४ नंतर पुष्कळ वाढले आहे, हेही गटाला सांगावे. अमेरिकेतील त्याची जुनी मैत्रीण एमिली हेल हिला त्याने लिहिलेली १,१३१ पत्रे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात मोहोरबंद होती. ती जानेवारी २०२० मध्ये वाचकांसाठी खुली झाली. लग्नाआधीच त्याचे तिच्यावर प्रेम होते, आणि १९३० पासून, म्हणजे व्हिव्हिएनबरोबर राहत असतानाच, तो तिला अत्यंत उत्कट पत्रे लिहीत होता. हेलला लिहिलेली पत्रे उघडली जातील त्याच वेळी प्रसिद्ध व्हावे म्हणून एलियटनेही १९६० मध्ये एक निवेदन लिहून ठेवले होते. व्हिव्हिएनने आपला जवळजवळ जीव घेतला पण आपल्यातला कवी जिवंत ठेवला, आणि एमिलीशी लग्न झाले असते तर आपल्यातला कवी मेला असता, असे त्यात म्हटले आहे. या निवेदनाने मला कधीच समाधान दिले नाही. दोन स्त्रियांच्या आयुष्यांचा उपयोग कवीला कसा झाला, या एकाच मापाने त्यात दोघींना मोजले आहे. पण चित्रपटातील एलियट, ज्याच्या आयुष्यात व्हिव्हिएनखेरीज दुसरी स्त्री जणू नव्हतीच, तो अपुरा आहे, हे या पत्रांनी सिद्ध केले. ही पत्रे हेस्टिंग्ज किंवा गिल्बर्ट यांना उपलब्ध असणे शक्य नव्हते, त्यामुळे यात त्यांचा दोष नाही.

विभक्त झाल्यानंतरच्या वर्षांबद्दल आपल्या गटात फारसे बोलणे झाले नसावे, असे प्रश्नावरून वाटते. चित्रपट पाहणाऱ्यांना साधारणपणे लक्षात राहतो तो चॉकलेटचा प्रसंग: एलियट काम करी त्या प्रकाशनसंस्थेच्या दारातील टपालाच्या फटीतून वितळलेले चॉकलेट ओतणारी व्हिव्हिएन. दृश्य म्हणून ते प्रभावी आहे. त्याच्याशेजारी तिच्या रोजनिशीतील १८ नोव्हेंबर १९३५ ची नोंद ठेवून पाहा. एलियट लंडनच्या एका ग्रंथप्रदर्शनात बोलणार होता. ती त्याची तीन पुस्तके आणि पॉली नावाची आपली कुत्री घेऊन गेली. भाषण संपल्यावर ती व्यासपीठावर त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि माझ्याबरोबर परत येशील का, असे तिने शांतपणे विचारले. आता मला तुझ्याशी बोलता येणार नाही, असे तो म्हणाला, पुस्तकांवर सह्या केल्या आणि निघून गेला. यात कोणी ओरडत नाही, काही ओतत नाही. ती त्याच्या कार्यालयात येत असे तेव्हा तो मागच्या दाराने निघून जात असे आणि खाली त्याची सचिव तिची समजूत काढीत असे. अशी वर्षे गेली. कादंबरीकार व्हर्जिनिया वूल्फने आपल्या रोजनिशीत व्हिव्हिएनचे वर्णन एलियटच्या गळ्यात अडकवलेली चावऱ्या जनावरांची पिशवी असे केले आहे. ते वाक्य चरित्रांतून इतक्यांदा उद्धृत झाले की तिच्याबद्दल लोकांना तेवढेच माहीत असते. रोजनिशीतली ती व्यासपीठावरची स्त्री त्या वाक्यात मावत नाही.

मनोरुग्णालयाच्या भागाबद्दल एक तांत्रिक माहिती द्यायला हवी, कारण विद्यार्थी हमखास विचारतात की एखाद्या बाईला असे सहज कसे डांबता येत होते. त्या वेळी इंग्लंडमध्ये १८९० चा वेडेपणाविषयीचा कायदा लागू होता. नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रे आणि दंडाधिकाऱ्याचा हुकूम एवढ्यावर माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवता येत असे. १९३८ च्या जुलैमध्ये व्हिव्हिएन पहाटे रस्त्यावर भटकताना पोलिसांना सापडली, मॉरिसने ते एलियटला पत्राने कळवले, आणि थोड्याच दिवसांत पुढची कारवाई झाली. चित्रपटात डॉक्टर तिची परीक्षा घेतात तो प्रसंग त्या कायद्याच्या चौकटीत पाहिला म्हणजे त्याची भीषणता नीट कळते: तेथे आजार शोधला जात नाही, प्रमाणपत्राला लागणारा मजकूर शोधला जातो. एलियटची कायदेशीर जबाबदारी नेमकी किती यावर मतभेद आहेत. नैतिक जबाबदारीबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या स्त्रीला नऊ वर्षे बंद दाराआड ठेवले आहे तिला एकदा तरी भेटायला जाणे हे प्रेम संपल्यावरही उरणारे कर्तव्य आहे, आणि ते त्याने केले नाही.

मग कवितेचे काय? आपल्या गटातील काहींना ती पुन्हा हातात घेववत नाही, हे मी समजू शकतो. १९१९ च्या एका प्रसिद्ध निबंधात एलियटनेच असा सिद्धान्त मांडला की भोगणारा माणूस आणि निर्मिती करणारे मन कलावंतात जितके वेगळे राहतील तितकी कला परिपूर्ण. अनेक वर्षे आम्ही शिक्षकांनी हे वाक्य ढालीसारखे वापरले आणि चरित्राचे प्रश्न वर्गाबाहेर ठेवले. समासातील त्या दोन हस्ताक्षरांपुढे ती ढाल टिकत नाही. पण म्हणून कविता ही संसाराची रोजनिशी आहे, असे मानणे हे त्याहून मोठे नुकसान आहे. १९२१ मध्ये एलियट कोलमडला, बँकेने त्याला तीन महिन्यांची रजा दिली, तो आधी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मार्गेटला आणि मग स्वित्झर्लंडमधील लोझानला उपचारांसाठी गेला, आणि लोझानमध्ये त्याने शेवटचा भाग लिहिला. मराठी वाचकाला तो भाग वाचताना एक वेगळीच जवळीक वाटते, कारण बृहदारण्यक उपनिषदातील प्रजापतीची 'द'कारांची कथा तेथे येते, आणि हार्वर्डमध्ये संस्कृत शिकलेल्या या माणसाने 'दयध्वम्' (दया करा) या आदेशाखाली लिहिलेल्या ओळींत प्रत्येक जण आपापल्या तुरुंगात किल्लीचा विचार करीत बसला आहे. चित्रपट पाहून आलेला विद्यार्थी लगेच म्हणतो, हा नॉर्दम्बरलँड हाउसचा तुरुंग. ते घडायला अजून सोळा वर्षे होती. त्या ओळींतला कैदी व्हिव्हिएन नाही, किंवा केवळ ती नाही. तो बोलणारा स्वतःही आहे, आणि वाचकही. मर्ढेकरांपासून पुढच्या मराठी कवितेने एलियटकडून जे घेतले ते याच व्यापक अर्थामुळे घेता आले.

येथे ओघाने दुसऱ्या एका चित्रपटाचा उल्लेख करतो. सिल्व्हिया प्लाथ आणि टेड ह्यूज या दोन कवींच्या विवाहावरील 'सिल्व्हिया' (२००३) या चित्रपटाला त्यांची मुलगी फ्रीडा हिने आईच्या कविता वापरू देण्यास नकार दिला आणि या उद्योगाचा निषेध करणारी कविताही लिहिली. कवीवरचे चित्रपट पाहताना हे व्यावहारिक सत्य ध्यानात ठेवावे. कविता वारसांच्या मालकीची असते, भांडणे मात्र कोणाच्याच मालकीची नसतात; त्यामुळे पडद्यावर भांडणे भरपूर येतात आणि कविता चिमूटभर येते. कवी कवी का होता हे न कळताच प्रेक्षक त्याचा न्याय करू लागतो.

आपल्याकडे याच विषयावरचे एक असामान्य पुस्तक आहे आणि आपल्या गटाने ते या चित्रपटाच्या जोडीला जरूर वाचावे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पतिपत्नी काही वर्षे दुरावली, आणि मग लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे गेल्या. टिळकांचा संताप, विक्षिप्तपणा, घरात पैसा न टिकणे, न सांगता निघून जाणे, यातले काहीही त्या लपवत नाहीत, आणि तरी त्या माणसावरचे त्यांचे प्रेम पानापानावर दिसते. दोन संसार सारखे होते असे मला म्हणायचे नाही. लक्ष्मीबाईंना स्वतःची गोष्ट स्वतः सांगता आली, आणि म्हणून तेथे कोणी खलनायक लागत नाही. व्हिव्हिएननेही रोजनिशी लिहिली होती, तिचे कागद ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. पण त्यांचे स्वामित्वहक्क व्हॅलरी एलियट यांच्याकडे गेले, आणि मधल्या काळात तिची गोष्ट सांगितली ती भावाने, नवऱ्याने, मैत्रिणींनी आणि नाटककाराने.

विद्यार्थ्यांना चित्रपट दाखवायचा तर दोन बैठका ठेवाव्यात. पहिल्या बैठकीत चित्रपटाचा उल्लेखही न करता 'अ गेम ऑफ चेस' मोठ्याने वाचावा, संवाद दोन आवाजांत, आणि प्रतिकृतीतील ती समास-टिपांची पाने प्रत्येकाच्या हातात द्यावीत. कोणता शेरा कोणाचा हे लगेच सांगू नये. मुलांना अंदाज करू द्यावा. बहुतेक जण पसंतीचा शेरा पाउंडचा आणि आक्षेप बायकोचा मानतात, आणि खरे कळल्यावर वर्गात जी चर्चा होते ती कोणत्याही प्रस्तावनेपेक्षा उपयोगी ठरते. दुसऱ्या बैठकीत चित्रपट सलग दाखवावा, मध्ये थांबवू नये. नंतर 'चूक कोणाची' हा प्रश्न कोणी विचारला तर तो बाजूला न सारता थोडा बदलून घ्यावा: हा प्रसंग त्या दोघांखेरीज आणखी कोणी पाहिला असेल, आणि तो आपल्यापर्यंत कोणामार्फत आला? मधुचंद्राच्या खोलीबद्दल, चॉकलेटबद्दल, डॉक्टरांच्या परीक्षेबद्दल हा प्रश्न वेगवेगळा विचारावा. वेळ उरला तर १९३५ ची ती नोंद वाचून दाखवावी, आणि नसेल तर प्रत काढून घरी द्यावी.